पाथरीवरची माय

पौषातल्या सकाळी खाडीकडून धुकं यायचं ते जमीन धरून. गुडघाभर पांढरं, आणि वर आभाळ लख्ख मोकळं. खांदा गावच्या बांधावरून चालणारी बाई लांबून बघितली तर कमरेच्या वर तेवढी दिसायची, पाण्यातून चालल्यासारखी. हौसा तशी यायची. डोक्यावर रिकामी पाटी, हातात खुरपं, पाय अनवाणी. दव एवढं की गवत घासलं की पोटरीपर्यंत ओल चढायची. पण सूर्य वर यायच्या आत पाथरी खुडायला हवी. दवातली पाथरी कडक असते, नखाने टचकन तुटते, तुटल्या जागी पांढऱ्या चिकाचा एक थेंब येतो. ऊन चढलं की तीच पाथरी मान टाकते, आणि मग पनवेलच्या बाजारात तिला कुणी हात लावत नाही.

भात कापून झालं, त्याच ओलीवर वाल पेरला, की बांधावर ही पाथरी आपोआप येते. जमिनीला चिकटलेली दातेरी पानं, मधून एक बारीक दांडा, दांड्याच्या टोकाला पिवळं फूल. चवीला कडसर. लसूण-मिरचीची फोडणी द्यायची, मूठभर वालाचे दाणे टाकायचे. बाळंतिणीला मुद्दाम देतात, दूध येतं म्हणून. शेत पाटलाचं असो की शेठचं, बांधावर न पेरता जे उगवलं ते खुडणाऱ्याचं, असा रिवाज. हौसाच्या घरात तिच्या मालकीचं असं दुसरं काही नव्हतं. नवरा जगन दुसऱ्याच्या मिठागरात राबायचा, राहतं घर भावकीतलं, विहीर गावाची. पौषापासून शिमग्यापर्यंत बांधावरची पाथरी मात्र तिची. तेवढे दोन-अडीच महिने ती कुणाची मजूर नसायची, भाजीवाली असायची, आणि बाजारात पाटी टेकवून बसताना पदर जरा वेगळा खोचायची.

डोंगराकडच्या कातकरवाडीतून चिंधी यायची. लाकडाची मोळी विकायला निघालेली, वाटेत जमेल तेवढी पाथरी खुडणारी.

"बाय, आज माझा बांध मारलास," ती धुक्यातूनच बोलायची.

"तुज्या नावाचा दगड हाय तिथं?"

"दगड नाय. काल डोला ठेवून गेलेलू."

"मंग डोला उचलून ने. पाथरी मी खुडली."

हसायच्या दोघी, आणि खुडत पुढे सरकायच्या. पाथरीचे फुलाचे दांडे हौसा बाजूला काढायची, कारण दांड्यावर मावा बसलेला असायचा. तपकिरी-तांबडे बारीक जीव, डोकी खाली, बूड वर, दाटीवाटीने. दांडा हलवला की पाय सोडून टपटप खाली पडायचे. उरलेसुरले पानाला चिकटून घरी यायचे. त्यावर उपाय ठरलेला होता. घमेल्यात पाणी, पाण्यात मूठभर मीठ, त्यात पाथरी बुडवायची. मावा सुटून वर तरंगतो. आईने तेच केलेलं, सासूने तेच केलेलं. हौसाची बोटं त्या दिवसांत टोकाशी तांबूस असायची. पाथरीच्या चिकाने आणि चिरडलेल्या माव्याने चढलेला तो रंग शिमग्यापर्यंत जायचा नाही.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात ह्या माव्याकडे तिने नीट बघितलं. त्याआधी तो नुसता धुऊन टाकायचा होता.

खाडीच्या अंगाला सरकारने वालाचं एक फार्म काढलं होतं. भाजी आटोपली की हौसा दुपारी तिथे निंदणीला जायची. फार्मवरचे साहेब दिनानाथ कारखानीस, तिशी ओलांडलेले, चष्मा, बारीक आवाज, आणि चिखलात चप्पल हातात घेऊन चालायची सवय. त्यांना वालावरचा मावा मोजून हवा होता. कोणत्या वाफ्यात किती, दर आठवड्याला किती. मजुरांपैकी कुणाला ते जमेना. हौसाने कागद-पेन्सिल न घेता मोजून दाखवलं. दहा मावे झाले की पदराच्या गाठीत वालाचा एक दाणा. संध्याकाळी साहेबांपुढे गाठ सोडायची.

"तुमचे डोळे चांगले आहेत, हौसाबाई," साहेब म्हणाले, आणि पितळी कडीचं एक भिंग त्यांनी तिच्या हातात दिलं. "हे घ्या. हरवू नका. सरकारी आहे."

पहिल्यांदा भिंगातून बघितलं तेव्हा ती मागे सरली. मग परत वाकली, आणि बराच वेळ उठली नाही. ज्याला ती इतकी वर्षं मावा म्हणत होती, तो एक गाव होता. माणसं बसलेली. कुणी चालतंय, कुणी दुसऱ्याच्या पाठीवरून जातंय. आणि एक मोठी, पोट टपोरं, तिच्या मागच्या बाजूने काहीतरी हळूहळू बाहेर येतंय. आधी पांढरट टोक, मग अंग, मग पोटाशी मिटलेले पाय. ते पाय एकेक करून उलगडले. पोर दांड्याला लागलं, डगमगलं आणि उभं राहिलं. माय मात्र चोच रोवून खातच होती. तिला पत्ताही नसावा.

"अंडं नाय घालत?" तिने विचारलं.

"ह्या हवेत नाही. सगळ्या बायाच आहेत ह्या. नर थंडीच्या देशात होतो, तोही हिवाळा येताना. आपल्याकडे आई पोर घालते, पोरीला आठ दिवसांत पोर होते. नवऱ्याचं कामच नाही."

त्या दिवशी चिंधी फार्मच्या कुंपणाशी मोळी टेकवून उभी होती. तिने ऐकलं. "मंग सुखी हायेत," ती म्हणाली. "सांजचं पिऊन येनारा कोन नाय."

साहेब कागदात बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले.

पुढे भिंग हौसाच्या कमरेलाच राहिलं. पाथरी खुडताना ती बांधावर पालथी पडायची आणि दांड्यावर भिंग धरायची. धुक्यात आजूबाजूचं जग पुसून गेलेलं असायचं. मिठागराचा बांध नाही, पनवेलकडे जाणारा रस्ता नाही, फक्त एक हिरवा दांडा आणि त्यावरचं तांबडं गाव. दवाचा एखादा थेंब दांड्याला लटकलेला, त्यात सूर्य उलटा. तिला वाटायचं, आपणच त्या दांड्यावरून चाललोय. पायाखाली हिरवं, थंड, आतून काहीतरी वाहतंय. पुढे कुणाची तरी आई बसलीय, तिच्या पुढे तिची आई. पाटी अर्धीच भरलेली राहायची आणि ऊन पाठीला चटके देऊ लागायचं.

"शकूची आय खुली झाली," जगन घरी म्हणायचा. शकू त्यांची लेक, सासरी उरणला दिलेली. "लोकाच्या बायका बांधावर भाजी काडतात. ही झोपते."

"अवो, तुमी एकदा बगा तरी."

"मिठागरात दिस गेला का डोल्यात उन्हाची धार असते. त्यात अजून मावा कुटं घालू?"

त्या वर्षी वालाला मावा जोरात लागला. खांदा, कळंबोली, आसूडगाव, सगळीकडे वालाचे शेंडे काळे पडले. पानं गोळा व्हायची, शेंग वाकडी व्हायची. लोक राख मारून थकले. मग वरून हुकूम आला. साहेबांनी तो मजुरांना वाचून दाखवला. मावा बांधावरच्या तणात राहतो आणि तिथून वालावर उतरतो, म्हणून तिन्ही गावांतले बांध खणून तण काढावं आणि किड्याची पावडर मारावी. तणांची यादी जोडलेली होती. तिसऱ्या ओळीत पाथरी.

हौसा हातातलं खुरपं धरून उभी राहिली. "पाथरी कशाला?"

"तिच्यावर मावा असतो ना. तुम्हीच दाखवलात मला."

"तो येगला हाय."

"असेलही. पण दिसायला मावाच. वेगळा आहे की तोच, हे जाणकाराने सांगायला हवं. मुंबईला एक वृद्ध गृहस्थ आहेत, आयुष्यभर मावाच बघत आले. दोन्ही नमुने पाठवू त्यांना. त्यांनी वेगळी जात म्हणून लिहून दिलं तर पाथरी यादीतून काढेन."

"नाय दिलं तर?"

"तर पावडर. आणि पावडर मारलेली भाजी बाजारात नेता येणार नाही, हौसाबाई. माणसं मरतील."

पावडर एकदा मातीत गेली की पुढच्या हिवाळ्यातही त्या बांधावरचं खाता येईल की नाही, हे साहेबांनाही सांगता येईना.

नमुने स्पिरिटमध्ये बुडवून पाठवायचे असतात. दारूबंदीचे दिवस. स्पिरिटच्या प्रत्येक थेंबाला परमिट लागायचं. फार्मवर उरलेलं एका बाटलीपुरतं होतं, त्यात साहेबांनी वालाचा मावा घातला. परमिट आलं की पाथरीचा दुसऱ्या बाटलीत घालू म्हणाले, आणि स्वतः दोन दिवस अलिबागला गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणारा माणूस निघाला. त्याने बाटल्या मागितल्या. हौसाने विचार केला, पाथरीचा नमुना आज गेला नाही तर पंधरा दिवस जाणार नाही. तिच्या माहेरी, सासरी, सगळ्या गोतात जे टिकवायचं ते मिठात टिकवतात. मांदेली मिठात, जवळा मिठात, कैरी मिठात. तिने घरून बारीक कुटलेलं मीठ आणलं. दुसऱ्या, रिकाम्या बाटलीत एक थर मिठाचा, एक थर पाथरीच्या माव्याचा, पुन्हा मीठ, मांदेली भरावी तसं. वर घट्ट बूच. तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

बारा दिवसांनी पत्र आलं. साहेबांनी ते आधी स्वतः वाचलं, मग चष्मा काढून पुसला.

"तुम्ही मीठ घातलंत?"

"स्पिरिट नव्हतं. सडला असता."

"मिठाने अंगातलं पाणी ओढून घेतलं. सगळे सुकून गेले. पाय मोडले, ज्यांवरून जात ओळखतात त्या मागच्या बारीक नळ्या मोडल्या. ते लिहितात, ह्यातून ओळख देता येत नाही. सुकल्यावर काळाच दिसतो, म्हणून तोच असावा असं तूर्त धरावं." त्यांनी पत्र खाली ठेवलं. "नवीन नमुना आजच पाठवतो. परमिट आलंय. पण उत्तर यायला महिना जाईल, आणि पावडर पुढच्या सोमवारी येतेय."

हौसाने खुरपं उचललं. मीठ कधी घात करील असं तिच्या घराण्यात कुणाच्या मनात आलं नव्हतं. ती घरी गेली तेव्हा जगन जेवत होता. तिने सांगितलं. तो घास हातात धरून थांबला, आणि मग त्याला हसू आलं.

"मुंबैच्या म्हाताऱ्याला सुकट पाटवलास तू. त्यानं भातासंगं खाल्ली आसंल."

"हासू नका. पाथरी जाते माजी."

तो हसायचा थांबला. जेवण झाल्यावर म्हणाला, "तोच हाय का येगला, त्याला इचारून बग."

"कुनाला?"

"माव्याला. त्याला पाथरीवरनं उचल आनि वालावर ठेव. राह्यला तर तोच. नाय राह्यला तर येगला. म्हैस बी परक्या गोठ्यात दूध देत नाय."

हे इतकं सरळ होतं की हौसाला राग आला, आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. किड्यांचे मोठे अभ्यासकही असंच करतात म्हणाले. "सोमवारी दहाला मी येतो. त्या दिवशी जे दिसेल ते लिहीन. पण तोवर दुसरा कुठला मावा त्याला शिवता कामा नये."

पोपटी लावून फुटकी झालेली दोन मडकी घरामागे पडली होती. वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला लावून, वर जाळ करून भाजतात ती पोपटी. मडक्यांची तोंडं जळून काळी, पण बुडं शाबूत. एकात तिने वालाचं कोवळं रोप लावलं, एकात पाथरीचा मुळासकट गड्डा. भिंगातून एकेक बघून दोन्हींवर पाथरीचे तांबडे मावे सोडले, चाळीस-चाळीस. वालाच्या मडक्यावर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं, पाथरीच्या मडक्यावर दुसरं. दोन्ही घराच्या मागे, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे.

मग आठ दिवस ती दिवसाउजेडी दोनच ठिकाणी असायची, बांधावर नाहीतर मडक्यांशी. ह्या तांबड्यांना ती मनात मायच म्हणायची; वालावर सोडलेल्या त्या माया पहिल्या दिवशी पानावर हिंडत राहिल्या. कुठे चोच रोवायची आणि काढायची. परत रोवायची, परत काढायची. परक्या घरात पाटावर बसवलेल्या पाहुण्यासारखं, हात धुऊन बसलंय पण जेवत नाही. दुसऱ्या दिवशी काही मातीत पडल्या. हौसाने काडीने उचलून त्यांना परत वालावर ठेवलं. खोटेपणा नको म्हणून. त्या परत पडल्या. तिसऱ्या दिवशी त्यांची पोटं बसली, आणि त्यानंतर सोमवारपर्यंत तिने ते फडकं सोडलं नाही. शेजारच्या मडक्यात मात्र पाथरीचा दांडा भरत चालला होता. तिथे पोरींना पोरी होत होत्या. धुकं मागल्या दारी यायचं, मडक्यांना वेढा घालायचं, आणि हौसा उकिडवी बसून भिंगाला डोळा लावायची. एक गाव भुकेने ओस पडतंय, एक वाढतंय, मध्ये वीतभर अंतर. तिच्या मनात शकूचं बाळंतपण यायचं, आईचं उपाशी तोंड यायचं, चिरनेरच्या जंगलात सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या त्या वर्षी आई तिला कडेवर घेऊन पळाली होती ते यायचं. सगळं धुक्यातून यायचं आणि धुक्यात जायचं. चोच मात्र दांड्यातच.

सोमवारी सकाळी तिने वालाच्या मडक्यावरचं फडकं सोडलं. शेंड्यावर मावा होता.

एकदोन नाही, चांगले दहा-बारा. गच्च बसलेले, खात असलेले. एकीला पोर होत होतं.

हौसाने फडकं बाजूला ठेवलं. म्हणजे पाथरीचा मावा वालावर जगतो. म्हणजे पावडर. पनवेलच्या बाजूने सूर्य वर येत होता, दहाला अजून वेळ होता. घरी कुणी नव्हतं. जगन मिठागरात गेला होता. शेंडा दोन बोटांत धरून अंगठा फिरवला असता की झालं असतं. एका अंगठ्याचं काम. बोटं तांबूसच होती, त्यात आणखी रंग कुणाला दिसला असता?

तिने शेंडा धरलाही. मग सोडला.

चिंधी मोळी घेऊन त्याच वेळी परसातून चालली होती. तिने तोंड बघितलं आणि मोळी टेकवली. "काय गं बाय?"

"वालावर जगला."

चिंधीने वाकून बघितलं. "पुसून टाक की. सायेब काय रातभर इथं बसलावता?"

"एकदा मिठानं घात केला, तो न कलत. ह्यो कलून व्हईल."

"पाथरी माजी बी हाय."

"म्हाईत हाय मला."

चिंधी तिथेच मातीत बसली. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून हौसाने भिंग काढलं आणि शेंड्यावर धरलं, मेलेल्याचं तोंड शेवटचं बघावं तसं. आणि तिला एक मुंगी दिसली. बारीक, काळी. ती माव्याच्या पाठीवर मिशांनी थोपटत होती. माव्याने मागून एक चकचकीत थेंब सोडला, मुंगीने तो प्यायला. तिच्या मागे दुसरी मुंगी. मग तिसरी. रांग फडक्याच्या गाठीखालून आत आलेली.

"चिंधे, पाथरीच्या दांड्यावर तू मुंगी बगितलीस कवा? माव्यापाशी?"

चिंधी विचारात पडली. "फुलावर आसंल एकादी. माव्यापाशी नाय. त्याला मुंगी इचारत नाय."

"वालाच्या माव्याला इचारते. बुडापासून शेंड्यापर्यंत रांग असते."

हौसाने परत भिंग धरलं, आणि आता ती घाबरल्या डोळ्यांनी बघत नव्हती. हे बसलेले काळे होते. तेल लावल्यासारखे काळे, पाय आखूड, अंग गोल. तिच्या तांबड्या माया लांब पायांच्या होत्या. मडक्यातली माती तिने काडीने उकरली. तांबड्या तिथे होत्या, सुकून, बोटाला लागल्या तर भुकटी होणाऱ्या. मग हे काळे आले कुठून? तिने फडकं उलटं केलं. दुमडीत वालाचं एक चुरगळलेलं पान अडकलं होतं. पोपटीच्या शेंगा शेतातून तिने ह्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणल्या होत्या. झटकलं होतं, धुतलं नव्हतं.

"माजीच चूक," ती म्हणाली. "परत."

साहेब दहाला आले. चप्पल हातात. पावडरीची पोती तोवर फार्मवर उतरली होती. हौसाने सगळं सांगितलं, फडक्यासकट, मुंग्यांसकट, आणि शेंडा पुसायचं मनात आलं होतं तेही.

"ते सांगायची गरज नव्हती," साहेब म्हणाले.

"सांगितलं."

त्यांनी दोन्ही मडकी फार्मवर न्यायला लावली. तिथे त्यांचं मोठं सूक्ष्मदर्शक होतं. आधी वालाच्या शेंड्यावरचा एक ठेवला, मग पाथरीचा एक. बराच वेळ वाकून राहिले. चष्मा कपाळावर, तोंड थोडं उघडं. मग सरकले आणि म्हणाले, "बघा तुम्ही. आधी हा. मागच्या बाजूला दोन नळ्या आहेत त्या बघा."

"आखूड हायेत."

"आता हा."

हौसाने बघितलं. तांबडं अंग, उन्हात धरलेल्या काचेसारखं. आणि मागे दोन लांब, काळ्या, सरळ नळ्या, मिठागरात पाणी सोडायच्या पन्हळीसारख्या. मधे शेपूट फिकट, पिवळसर. एवढे दिवस भिंगातून तिला त्या नळ्या केसासारख्या पुसट दिसायच्या. ती वाकूनच राहिली. साहेबांनी घड्याळात बघितलं नाही.

मग त्यांनी फायलीतून टिपकागद काढला. एका बाजूला वालाचा मावा नखाने चिरडला, मळकट काळपट डाग. दुसऱ्या बाजूला पाथरीचा. कागदावर तांबडं पसरलं, हौसाच्या बोटांच्या रंगाचं. डागांखाली त्यांनी तारीख घातली, कोणता कुठला ते लिहिलं, आणि कागद हुकुमाला टाचला.

"नाव नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "पण वेगळी जात आहे हे मी सही करून लिहितो. उद्या मुंबईने उलट सांगितलं तर मला वरून ऐकून घ्यावं लागेल."

"आनि पाथरी?"

त्यांनी यादीतली तिसरी ओळ आडवी कापली. बाकीच्या ओळी राहिल्या. त्या दुपारी बांधांवर माणसं उतरली आणि बाकीचं तण खणलं गेलं. पावडर कुठे मारायची आणि कुठे नाही ते दाखवायला साहेबांनी हौसालाच पुढे घातलं. पाथरीच्या बांधाकडे पाठ करून, हात पसरून ती उभी राहायची, आणि पोतं घेतलेला माणूस वळसा घेऊन जायचा. वाऱ्याने पावडर उडून दोन बांध तरी गेलेच. ते तिने त्या वर्षी सोडून दिले, चिंधीलाही सोडायला लावले.

फाल्गुनात, पाथरी जून होऊन शेवटच्या खुडीला आली तेव्हा साहेब एका सकाळी तिच्या दारात आले. हातात पत्र. हौसा मागल्या दारी घमेल्यापाशी बसली होती.

"आलं नाव," ते म्हणाले, आणि त्यांनी ते वाचलं. दोन शब्द, लांब, परदेशी. हौसाने म्हणून बघितलं, तोंडात मावलं नाही.

"मंजे काय?"

"पहिला शब्द कुळाचा. दुसरा तिच्या झाडाचा. थंड देशात पाथरीची एक चुलत बहीण असते, पिवळ्या फुलाची, चिकाची. तिच्यावर राहणारी, एवढाच अर्थ. वालाशी काही संबंध नाही, असं स्वच्छ लिहिलंय. आणि खाली एक ओळ तुमच्यासाठी आहे. ज्या कोणी नमुने मिठात घातले त्यांनी कृपा करून पुन्हा घालू नयेत."

हौसा पदराने तोंड झाकून हसली. "मी तिला माय म्हनते."

"त्यांना तसं कळवू?"

"नको. त्यांचं त्यांना राहू दे."

साहेबांनी पत्र घडी करून खिशात घातलं. भिंग परत मागायला आले होते की काय, अशी तिला शंका आली. तिने कमरेला हात लावला. साहेबांनी तिकडे बघितलंच नाही. चप्पल हातात घेऊन ते बांधाने निघाले, आणि धुक्यात आधी पाय गेले, मग कंबर.

ऊन चढत होतं. बाजार गाठायचा होता. हौसाने पाथरीची जुडी घमेल्यात बुडवली, मडक्यातून मूठभर मीठ घेतलं आणि पाण्यात टाकलं. तांबड्या माया पानांवरून सुटल्या आणि वर तरंगू लागल्या. तिने घमेलं तिरपं करून वरचं पाणी ओतून दिलं, जुडी झटकली, पाटीत मांडली आणि दुसरी उचलली.